बेसा रोडवरचा खट् आवाज

बेसा रोडवरची ती चहाची टपरी आता हलली, स्पीडब्रेकरवरही नवं डांबर चढलं. तरी तिथून जाताना माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो... आणि उगाच हसू येतं. सहा वर्षं झाली त्या बुधवारला. मी चोवीस वर्षांची होते आणि तोंडाची फटकळ. माझं नाव अबोली ठेवून आईबाबा फसले, असं अख्खा मोहल्ला म्हणायचा. बाबांच्या जुन्या जीपमध्ये पुढून आवाज येत होता, म्हणून मी मिस्त्री शोधायला निघाले होते.

स्पीडब्रेकर आला. खट्!

"डावीकडचा खालचा बॉल जॉइंट," कोणीतरी म्हणालं.

टपरीवर एक पोरगा पाठमोरा चहा पीत होता. वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं!

"तुम्हाला कोणी विचारलं का?" मी गाडीतूनच ओरडले.

आता तो वळला. सावळा, डोळे हसरे, शर्टावर ग्रीसचे डाग. "तुम्ही नाही... गाडीनं विचारलं न."

"मोठे आले गाडीशी बोलणारे!"

"गाडी तर कवाची ओरडून राहिली. तुम्हीच ऐकून नाही राहिल्या."

त्याचं नाव धम्मदीप. टपरीमागचं टिनाचं शेड म्हणजे त्याचं गॅरेज. त्यानं चाक जॅकवर उचललं, टायरखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार घातली आणि चाकामागचा जॉइंट दाखवत मला म्हणाला, "इथं हात ठेवा. घाबरू नका."

मी हात ठेवला. त्यानं टॉमी उचलली आणि माझ्या तळव्यात टक् झालं.

"जाणवलं?"

"जाणवलं," मी म्हणाले. हात काढायचं मात्र राहूनच गेलं.

"आत एक गोळी असते, वाटीत बसलेली. चाक वळते ते तिच्यावर. रबर फाटलं, चिखल शिरला, अन् आता गोळी वाटीत खेळून राहिली. एखाद्या दिवशी निसटली न, तर चाक आडवं अन् तुम्ही नालीत. दोन्हीकडचे बदलावे लागतील. तीन दिवस लागतील."

त्याच्या कपाळावर ग्रीस लागलं होतं. "इथं लागलंय," म्हणत मी माझ्या कपाळाला बोट लावलं. तो खो खो हसत सुटला. माझंही बोट काळंच होतं ना!

पण मला हसू येईना. कारण रविवारी ती जीप जाणार होती.

बाबा वनखात्यात होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ही जीप लिलावात घेतली आणि दर रविवारी मला उमरेडच्या जंगलाकडे नेलं. आदल्या हिवाळ्यात बाबा गेले. तेव्हापासून जीप दारात उभी. आई एक दिवस म्हणाली, "विकून टाकू." मी म्हणाले, "मला काय, विकून टाक." साफ खोटं बोलले मी! जीपच्या सीटला अजून बाबांच्या तंबाखूचा वास होता. ती गेली की बाबा दुसऱ्यांदा जाणार होते. ती विकत घेणारे मौद्याचे मनोहरराव म्हणाले होते, आवाज काढून ठेवा, रविवारी येऊन घेऊन जातो.

"ऐका ना," मी धम्मदीपला हळूच म्हणाले, "आवाज दुरुस्त होत नाही, असं सांगाल गाडी घेणाऱ्यांना?"

तो बराच वेळ हात पुसत राहिला. "गाडीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. ते सोडून काही सांगा."

असा राग आला म्हणता! तरी गुरुवारी गेले, शुक्रवारी गेले, शनिवारीही गेले. काम कुठवर आलं ते बघायला, असं आईला सांगून. हातोड्याचे घाव बसत, जुना जॉइंट अडून बसे, तो घामानं निथळे आणि मी शेजारी स्टुलावर बसून त्याला चिडवे. भाद्रपदाचं ऊन टिनावर तापत असे. मधेच एखादी सर येऊन तडतडून जाई.

शनिवारी त्यानं शेवटचा नट कसला, पण नट अडवून धरणारी पिन घालायचं होल जुळेना.

"थोडा सैल करा ना," मी म्हणाले.

"ना! सैल नसते करत. अजून कसायचा, पुढचं होल येईस्तोवर. मागं नाही फिरायचं."

रविवारी आईला घेऊन गेले. मनोहररावांनी जीप स्पीडब्रेकरवरून नेली, आणली. आवाज नाही.

"एकदम बढिया!" मनोहरराव खाली उतरले. "एवढी मस्त गाडी, मग विकता काहून? काही लफडा तर नाही न?"

"गाडीत काहीच नाही," धम्मदीप म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "बाकीचं यांना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढी बोलघेवडी मी, पण तोंडातून शब्द फुटेना. मग फुटला तो रडूच घेऊन.

"आई, मला नाही गं विकायची! कधीच नव्हती विकायची. तुला ती दारात बघवत नाही, म्हणून गप्प राहिले."

आईनं कपाळाला हात लावला. "बाई गं! मले कुठं विकायची होती? तू रोज तिच्यापाशी उभी राहून रडतं, म्हणून मीच... बोलली काहून नाही वं?"

"अरे बाप्पा," मनोहरराव म्हणाले, "मी मौद्याहून आलो न! आता चहा तरी पाजा."

आई डोळे पुसत, हसत त्यांना टपरीवर घेऊन गेली. आम्ही दोघंच उरलो.

"मले एक सांगायचं होतं..." तो म्हणाला. "नाही, राहू द्या. मग कधी."

"धम्मदीप," मी पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "सैल नसते करत."

त्याचे कान लाल झाले. "गाडीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही म्हटलं न... एकदा बोललो. काम एका दिवसाचं होतं."

मी आधी हसून घेतलं. मग म्हणाले, "माहीत होतं मला. शुक्रवारी तुम्ही तोच नट चार वेळा पुसला."

पुढे आईनं त्याचं आडनाव ऐकून दोन महिने तोंड फुगवलं. मग एक दिवस गाडीतला बाबांचा पाना त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा तुमच्यापाशीच ठेवा, जावईबापू." त्या दिवशी मी इतकी रडले की विचारू नका.

जीप अजून दारात आहे. दर रविवारी आम्ही उमरेडकडे निघतो. चालवते मीच. तो स्पीडब्रेकर आला की धम्मदीप कान टवकारतो.

"काही आवाज?" मी विचारते.

"आहे थोडासा."

"किती दिवसांचं काम?"

"तीन," तो म्हणतो.