शाळेमागचा अर्धा एकर

झरीपासून सात किलोमीटर आत, करडवाडीच्या शाळेत अनुपमाला नऊ वर्षं झाली होती. ती आली तेव्हा पटावर शंभराच्या वर पोरं होती. यंदा पहिली ते सातवी मिळून एकोणीस. रोज सकाळी फाट्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायची आणि गावची पोरं गळ्यात टाय अडकवून तीत चढायची. दुसरे गुरुजी बदली होऊन गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. शाळा आणखी दोन वर्षं टिकली तरी पुष्कळ, असं ती मनातल्या मनात म्हणे.

म्हणून पर्यावरण सेवेचा उपक्रम आला तेव्हा तिनं तो मनावर घेतला. मुलांनी आपल्याच परिसरातली पडीक जागा निवडायची, तिचा अभ्यास करायचा, ती सुधारायची. जागा शोधावी लागलीच नाही. शाळेच्या मागचा अर्धा एकर वेड्या बाभळीनं आणि गाजरगवतानं गिळला होता. तिकडं कोणी फिरकत नसे. शेळ्यासुद्धा भिंतीपर्यंत येऊन परत वळायच्या. काट्यांमुळं असेल, असं तिला वाटे.

गावकऱ्यांनी बाभळी तोडून दिल्या आणि बाकीचं पोरांनी साफ केलं. सातवीतली संघप्रिया सगळ्यांत पुढं. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. हात चालायचे तशी तोंडाची टकळीही चालायची.

"मॅडम, हितं मुंगी बी न्हाई."

"मग वहीत लिही."

तिनं लिहिलं : मुंग्या न्हाईत. गांडूळ न्हाई. पक्षी न्हाईत. अनुपमानं तिन्ही ठिकाणचं शुद्धलेखन सुधारून दिलं. त्या नोंदीत तिला एवढंच खटकलं होतं.

पावसानं वीस दिवस ताण दिला होता. आजूबाजूच्या सोयाबीनच्या रानांत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मागच्या जमिनीला मात्र एकही भेग नव्हती. काळी, सपाट, आत्ताच कोणीतरी सारवून गेल्यासारखी. पोरांनी एकोणीस खड्डे घेतले, त्यांत करंज, कडुलिंब, चिंच लावली. पाणी घातलं तरी ओल वर दिसेना. बादली रिकामी केली की थोड्या वेळानं, फार खालून, आडात खडा पडल्यासारखा आवाज यायचा.

पुढच्या सोमवारी तिनं हजेरी घेतली. वरदचं नाव पुकारलं.

"हाजिर."

पुढचं नाव. "हाजिर." त्याच्या पुढचंही.

"हजर म्हणायचं. हे कोणी शिकवलं?"

"कोणी न्हाई मॅडम," संघप्रिया म्हणाली. "तिथं असंच म्हणायलेत."

"कुठं?"

संघप्रियानं मागच्या खिडकीकडं हात केला. मग जरा विचार करून तोच हात जमिनीकडं वळवला. "खाली."

वर्गात कोणी हसलं नाही.

त्या आठवड्यात पोरं रोपांना आळी करताना पाढे म्हणू लागली. बाराच्या पाढ्याला अडखळणारी पोरं एका सुरात सवायकी म्हणत होती. तीन सवा पावणेचार, चार सवा पाच. मग औटकी. दोन औट सात, तीन औट साडेदहा. हे अपूर्णांकांचे जुने पाढे अनुपमालाही येत नव्हते. तिनं ते लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकले होते आणि त्यांच्याबरोबरच ते संपले असं धरून चालली होती.

हे थांबवावं, असं तिला तेव्हा वाटलं. पण पाणी कुठं जातं ते कळत नसलं तरी रोपं गुडघ्याला लागली होती. पिवळ्या गाडीनं जाणाऱ्या दोन पोरांचे बाप भिंतीपाशी थांबून, "मॅडम, चांगलं चाललंय तुमचं," असं म्हणून गेले होते. नऊ वर्षांत असं कोणी म्हणालं नव्हतं. तिनं काम चालू ठेवलं.

सप्टेंबरात एका शुक्रवारी ती झरीला बैठकीला गेली. पोरांना खिचडी वाढून देणाऱ्या पार्वतीबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं होतं. दुपारी दोनला परत आली तर व्हरांड्यात ताटं मांडलेली, खिचडीवर पापुद्रा धरलेला. पार्वतीबाई पदराचं टोक दातांत धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"पोरं?"

"मागं बसल्यात. लय हाका मारल्या. वळंनात."

मागं लख्ख ऊन होतं. एकोणीस पोरं चार रांगांत मांडी घालून बसली होती. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडं. अंगावर माशी बसावी तर तीही नव्हती.

"उठा," ती म्हणाली. कोणी हललं नाही.

तिला दुसरं काही सुचेना. ती नावं पुकारू लागली.

"वरद."

"हाजिर."

आवाज वरदचाच होता. पण तो खालून येऊन तिच्या तळव्यांना लागला.

ती वळसा घालून पोरांच्या समोर आली. सगळ्यांची तोंडं मिटलेली होती.

"संघप्रिया," ती म्हणाली. पुकारायला नको होतं, हे म्हणताक्षणी तिला कळलं.

"हाजिर," जमिनीतून आवाज आला.

समोरची संघप्रिया तिच्याकडं बघत होती. ओळखीच्या माणसाकडं बघतात तसं नाही.

मग पोरं उठली, चड्ड्या-फ्रॉक झटकले आणि रांगेनं आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सगळी वेळेवर आली. हजेरीला "हजर" म्हणाली. अक्षर सुधारलं होतं. मधल्या सुट्टीत कोणी पळेना, भांडेना. संघप्रिया हाताची घडी घालून सुट्टी संपायची वाट बघत बसे. आठवड्यानं अनुपमा तिच्या घरी गेली. तिची आई, सुकेशनी, दारात ज्वारी निवडत होती.

"पोरगी लय सुधरली, मॅडम. काय केलं तुमी?"

"तुम्हाला काही वेगळं वाटत नाही?"

सुकेशनीचे हात थांबले. "भाजीत मीठ जास्ती झालं तरी बोलत न्हाई आता," ती हळू म्हणाली. आत एकदा बघितलं आणि सूप पुन्हा हलवू लागली. "चांगलंच हाय की."

गावात नव्वदी ओलांडलेले एकच गृहस्थ होते, किशनराव. अनुपमानं त्यांना सगळं सांगितलं. 

"निजामाच्या वक्ताला तुमच्या शाळेमागं मदरसा व्हता. शाळाच म्हना. उर्दूत हजेरी व्हायची. एक दिवस मला ताप व्हता, मी गेलो न्हाई. बाकीची पोरं गेली."

"परत आली नाहीत?"

"आली की. सांच्याला सगळी घरी आली. जेवली, मोठी झाली, लगनं केली. माझा थोरला भाऊ बी आला. चाळीस वर्सं माझ्या शेजारी बसून जेवला." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "तो माझा भाऊ नव्हता, बाई."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? त्येच्यासंगं जेवलो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पहार घेऊन मागं गेली. संघप्रियानं लावलेल्या चिंचेपाशी उकरत राहिली. कमरेइतका खड्डा झाला, तळहात फुटले. खाली मातीच माती. सकाळी येऊन बघते तो जमीन पुन्हा सपाट. वर कळवायचं म्हणून तिनं तीनदा अर्ज लिहायला घेतला. "विषय" या शब्दाच्या पुढं काय लिहावं, तेच तिला कळेना.

दिवाळीनंतर पालक यायला लागले. इथली पोरं कशी शिस्तीत असतात, हे पंचक्रोशीत पसरलं होतं. पिवळी गाडी फाट्यावरून अर्धी रिकामी जाऊ लागली. आपल्या पोरांना इथं घालू नका, असं अनुपमानं दोघांना स्पष्ट सांगितलं. मॅडम फार नम्र आहेत, म्हणत ते हसले. नवी पोरं आल्या आल्या मागं पळायची, आणि जुनी त्यांना हाताला धरून पाढे शिकवायची. मागच्या भिंतीतल्या दाराला तिनं घातलेलं कुलूप रोज सकाळी टेबलावर, हजेरीवहीच्या शेजारी ठेवलेलं असे. संक्रांतीपर्यंत पट एकेचाळीस झाला. नवे गुरुजी मिळणार, असं पत्र आलं.

त्या दुपारी ती फळ्यावर भागाकार लिहीत होती. वर्ग चिडीचूप होता, फक्त पेन्सिलींचा आवाज. मागच्या खिडकीतून, जमिनीच्या पुष्कळ खालून, संघप्रियाचा आवाज आला. दमलेला.

"मॅडम, सुट्टी झाली का?"

अनुपमाच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. ती मागं वळली.

एकेचाळीस पोरांनी वहीवरच्या माना उचलल्या होत्या. मॅडमना ऐकू आलं का, ते सगळी बघत होती.