मिस्त्रींचा राग

मिस्त्रींचा राग म्हणजे गावाला फुकटचा भोंगा होता. फळीवर रंधा जरा वाकडा फिरला की ते कारखान्यात ओरडायचे आणि नाक्यावरचा चहावाला दचकून किटली खाली ठेवायचा. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. "मिस्त्री, एक दिवस ओरडता ओरडता आडवे व्हाल. कुठेतरी जाऊन आराम करा." मिस्त्री कसले ऐकतात! शेवटी मिस्त्रीणबाईंनीच पिशव्या भरल्या आणि नवऱ्याला ओढत एका तळ्याकाठच्या जुन्या शहरात आणलं.

शहर मोठं देखणं. दगडी वेशी, अर्धे ढासळलेले बुरूज आणि मधोमध काचेसारखं सपाट तळं. काठच्या पायऱ्यांवर माणसं पाण्याकडे तोंड करून निवांत बसलेली. वाऱ्याने बाईंचा पदर फडफडत होता, पाणी मात्र हलत नव्हतं. बाईंना ते खटकलं. पण आरामाला आल्यावर खुसपटं काढत बसायचं का?

खोली पाण्यालगतच मिळाली. दार उघडताना फरशीला घासलं आणि मिस्त्री पेटले.

"बघ, बघ! स्क्रू हातोडीने ठोकलेत! कुण्या गाढवाने बसवलं हे दार? त्यालाच ठोका चौकटीत!"

घरमालकीण गोड हसली. "उतरेल हं राग. इथे सगळ्यांचा उतरतो."

दुसऱ्या दिवशी दार घासलं तेव्हा मिस्त्री नुसते हुंकारले. बाईंनी मनातल्या मनात डॉक्टरांना हात जोडले. तिसऱ्या दिवशी मिस्त्री दारावरून हात फिरवून म्हणाले, "बरं आहे की दार."

"बरं? अहो, स्क्रू ठोकलेत ना त्याचे?"

"ठोकले तर ठोकले. बसलेत ना?"

ज्या रागाच्या नावाने बाईंनी जन्मभर बोटं मोडली, तो गेला तर समोर उरलं कोण? मिस्त्रींचा सदरा घातलेला कुणीतरी भला माणूस. आणि बाईंनी संसार काही भल्या माणसाशी केला नव्हता.

त्यांचं डोकं फिरलं. मिस्त्रींची लाकूड कोरायची पटाशी प्रवासातही फडक्यात गुंडाळून उशाशी असायची. एकदा बाईंनी त्या पटाशीने सुतळी कापली, तर घरात किती दिवस अबोला होता! बाईंनी तीच पटाशी त्यांच्यादेखत काढली, बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाखाली खुपसली आणि पिरगाळली. धारेचा कोपरा कट्कन उडाला.

मिस्त्रींनी डब्यातलं बिस्कीट उचललं. "खुसखुशीत आहेत."

तेवढ्यात खिडकीखालून, पाण्यातून, आवाज आला.

"अगं पटाशी आहे ती! उलथणं नव्हे! हात मोडले का तुझे?"

आवाज मिस्त्रींचा. शब्द मिस्त्रींचे. आणि मिस्त्री समोर बसून तोंड मिटून बिस्कीट चघळत होते.

बाईंनी त्यांचं मनगट धरलं, तशाच पायऱ्यांवर आल्या. घरमालकीण तिथेच होती.

"काय केलंत हो माझ्या माणसाला?"

"आरामाला तुम्हीच आणलंत ना? मिळाला आराम."

"चुलीत घाला तुमचा आराम! माझा खेकसणारा नवरा मला परत द्या!"

पायऱ्यांवरच्या एकाही माणसाने मान वळवली नाही.

"चला हो, आत्ताच्या आत्ता बस पकडायची."

"जाऊ की उद्या," म्हणत मिस्त्री पायरीवर टेकले. बाईंनी ओढलं, ढकललं, पाठीत धपाटाही घातला. ते हसले.

मग बाई तळ्याकडे वळल्या. घशाच्या शिरा तट्ट फुगल्या. त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या.

तोंडातून आवाज निघाला नाही.

तो पाण्यातून आला. "अहो, वर या! ऐकताय ना? वर या!"

"तूच आणलंस मला इथे!" पाण्यातून मिस्त्री गरजले.

बाई उभ्याच राहिल्या. छातीवरचं ओझं कुणी अलगद उचलून न्यावं तसं झालं. पायरीचा दगड उन्हाने छान तापला होता. मिस्त्री जरा सरकले. त्या शेजारी बसल्या.

खाली जुंपलीच होती.

"कोण गं हे एवढं भांडतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

बाईंनी क्षणभर कान दिला.

"असतील कुणी नवराबायको," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, जरा इथे येऊन बसा."