अर्ध्यावर थांबवलेली गोष्ट

तुम्हीच पाठवलंत तिला तिथे. आदेश तुमचा, सही तुमची, शिक्का तुमच्या शिक्षण खात्याचा. शाळेच्या ग्रंथपालांना गोष्ट वाचून दाखवायला शिकवायचं होतं ना? मग तुमच्या गारेगार सभागृहात शिकवायचं. तुम्हीच बंद करून कुलूप ठोकलेल्या शाळेत, जूनच्या लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, कशाला धाडलंत?

क्षिप्रा बोकील तुमच्यावर चिडलेली नाही. ती तर उपकार मानते. म्हणून चिडायचं काम दुसऱ्या कुणालातरी करावं लागतंय.

क्षिप्रा दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या एका शाळेत ग्रंथपाल. पुस्तकं तिच्या बोटांवर होती, पण मुलांसमोर वाचायला घेतलं की घसा कोरडा पडायचा. मग पोरं पेन्सिली आपटायची, कुणी डबाच उघडायचं. मार्चमध्ये मुख्याध्यापिका अलकनंदा मॅडमनी बोलावून सांगितलं, "बोकील मॅडम, वाचनतासाला मुलं बसतच नाहीत, तर खोली कशाला अडवायची? जुलैत बघते. नाहीतर तिथे स्मार्ट क्लास."

त्या खोलीसाठी क्षिप्राने नऊ वर्षं भांडून पुस्तकं जमवली होती. ती प्रशिक्षणाला निघाली ती जीव मुठीत धरून.

मुनिरक्याच्या गल्ल्या संपतात त्याच्या पलीकडे ती इमारत. भिंतींवर रंग उडालेली बाराखडी, नळ कोरडे, खिडक्यांना खिळे. कूलरला ओल्या वाळ्याचा वास. शिकवायला वैजयंतीबाई होत्या, निवृत्त, गोड गळ्याच्या. तुमच्या कारभारात चुकून घडलेली एक चांगली गोष्ट.

"चित्र आपल्याकडे नाही, मुलांकडे धरायचं," त्या सांगायच्या. "आणि गोष्ट एका बैठकीत संपवायची नाही गं. ऐन मोक्याला थांबायचं. मूल आपल्या पायांनी परत येतं."

भीड चेपावी म्हणून सराव एकेकट्याने. खोलीचं दार लावायचं आणि छोट्या रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवायचं.

"रिकाम्या खुर्च्या बऱ्या यार, क्षिप्राताई," तिच्यासारखाच शिकायला आलेला, गुडगावच्या शाळेतला अंशुमन म्हणाला. "निदान डबे तरी उघडत नाहीत."

क्षिप्रा आत गेली. पुस्तक साधंच होतं. एका मुलीची घोंगडी वाऱ्याने उडते आणि ती शोधत शोधत पानिपतला पोचते. पहिलं पान वाचताना मागच्या रांगेत खुसपुस झाली. क्षिप्राने मान वर न करताच ग्रंथपालांच्या सवयीने केलं, "श्श!"

खुसपुस थांबली.

मग तिच्या लक्षात आलं की खोलीत कुणी नाही. कूलर तर आपला घरघरतच होता.

ती उठली नाही. चित्र खुर्च्यांकडे वळवलं. डावीकडे एका खुर्चीचा पाय फरशीवर हळूच घासला. चित्र न दिसणारं मूल सरकतं ना, तसाच. क्षिप्राने पुस्तक डावीकडे थोडं तिरकं केलं. सवयच ती. आणि वाचत राहिली. घसा कोरडा पडला नाही. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिचं मन लावून ऐकत होतं.

बाहेर आल्यावर अंशुमनने विचारलं, "तुझ्या खोलीत पोरं बसवली होती का? हसल्याचा आवाज आला."

"नाही रे."

"मग माझ्या वेळेला का नाही हसत?" तो म्हणाला, पण स्वतः हसला नाही.

शेवटच्या दिवशी ती घोंगडीवाली मुलगी पानिपतच्या एका बंद दारापाशी पोचली. तिने कडी वाजवली. शिकवल्याप्रमाणे क्षिप्राने ऐन तिथेच पुस्तक मिटलं. "आता पुढच्या वेळी हं," ती म्हणाली.

पुढची वेळ नव्हतीच. तुम्ही दुपारी प्रमाणपत्रं वाटलीत आणि इमारतीला पुन्हा कुलूप लावलंत.

जुलैत शाळा उघडली. वाचनतासाला तिसरी आली आणि चिडीचूप बसली. दारातून बघणाऱ्या अलकनंदा मॅडम म्हणाल्या, "बिल्कुल बदललात हो तुम्ही!" स्मार्ट क्लास दुसरीकडे गेला. क्षिप्रा वैजयंतीबाईंना फोन करून आनंदाने रडली.

पुढच्या आठवड्यात तिला दिसलं. पुढच्या एकेका खुर्चीवर दोघं दोघं दाटीने बसली होती. मागच्या रांगा मोकळ्या.

"अरे, मागे बसा की."

"मॅम, उधर जगह नहीं है," मयुरा म्हणाली. एरवी क्षिप्राशी मराठीतच बोलणारी पोर.

क्षिप्राने नवं पुस्तक उघडलं.

"ये नहीं. पहले पानिपतवाली पूरी करो. दरवाज़ा किसने खोला?"

ते पुस्तक या शाळेत नव्हतं. तिने ती गोष्ट इथे कुणालाच सांगितलेली नव्हती.

"तुला कुणी सांगितली गं ती?"

मयुराने मागे न बघता अंगठ्याने मागे दाखवलं.

शेवट क्षिप्राला पाठ होता. दोन वाक्यांत संपली असती गोष्ट. पण गोष्ट संपली की मुलं घरी जातात. ही मागच्या रांगांतली कुठे जाणार होती? आणि ही गेली, तर तिची खोली?

तिने गोष्टीतलं दार उघडून दिलं, घोंगडीवाल्या मुलीला आत घेतलं, आणि पुन्हा मोक्यालाच थांबली.

तेव्हापासून दर आठवड्याला ती थांबतेच आहे. छापलेली गोष्ट केव्हाच संपली. आता ती मनाने रचते. "त्यांच्यामुळे माझं ग्रंथालय राहिलं," ती म्हणते, आणि मनापासून म्हणते.

नोव्हेंबरात हवा विषारी झाली. मुलांना सुट्टी, कर्मचाऱ्यांना हजेरी. क्षिप्राने तासाच्या वेळी दार उघडलं, रिकाम्या खोलीत बसली आणि वाचलं.

वाचून झाल्यावर पडदे ओढायला मागे गेली. खिडकीच्या काचेवर, आतून, तिच्या कमरेच्या उंचीला, वाफेचे छोटे गोल होते. ओळीने. ती बघत होती तेव्हा एक विरला, आणि तिथेच पुन्हा उमटला.

मुनिरक्याची ती शाळा बंद केलीत तेव्हा तिथली मुलं तुम्ही कुठे पाठवलीत? उत्तर द्या.