दुर्गरक्षकाची अट

आपण नकार दिलेला मुलगा पुन्हा समोर येऊ नये, असा काही कायदा नाही. तरी अंजनाच्या मनात आलं, सांगली काय एवढी लहान आहे का!

विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली होती. "रविवारी ये, एक भारी खेळ दाखवतो," असं ऑफिसातल्या मधूनं सांगितलं होतं. परतीच्या पावसानं भिजलेली ओढणी पिळत ती दारात उभी राहिली, तर टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस राक्षसाच्या आवाजात गरजला, "कोण आहे तिथं? नाव सांग, नाहीतर मर!"

खरं तर ते खेळातलं होतं. पण विचारलं की सांगायची तिला सवय.

"अंजना. औंधची. ओळखलं नाहीत?"

राक्षसाचा घसाच बसला. तो वीरधवल होता. महिन्यापूर्वी हाच वीरधवल आपल्या लालासाहेब काकांबरोबर तिला बघायला औंधला आला होता. अंजना सांगलीच्या एका ठिबक सिंचनाच्या कंपनीत होती; स्कूटरवरून रानोरान फिरून पाण्याच्या नळ्यांचे नकाशे करायची. पोहे खाता खाता काका म्हणाले होते, "लग्नानंतर उन्हातान्हात रानं तुडवायची काय गरज न्हाई." अंजनानं वीरधवलकडे पाहिलं. हा आपला मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता. तिनं त्याच संध्याकाळी नकार कळवला.

"इथं बरा आवाज फुटतो की तुमचा!" खुर्ची ओढत ती म्हणाली. "औंधला येताना घरी ठेवून आला होता वाटतं?"

मधू आणि त्याचा दोस्त गुंडा एकमेकांकडे बघायला लागले. वीरधवलचे कान लाल झाले.

"बसा," तो हळूच म्हणाला. "खेळणार?"

"खेळणार."

खेळ मजेचा होता. वीरधवल सूत्रधार. तो गोष्ट सांगायचा. राजे, राक्षस, चेटकिणी, सगळ्यांचे आवाज एकटाच काढायचा. बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरायचे आणि प्रसंग बाका आला की वीस बाजूंचा फासा टाकायचे.

"तू वैद्यीण हो," गुंडानं सुचवलं. "आमच्या जखमा बांधायला कोणतरी पाहिजेच."

"तुझ्या तू बांध," अंजना म्हणाली आणि तलवार घेतली. तिच्या पात्राचं नाव रणू.

मग तिनं एक रविवार म्हणून चुकवला नाही. ती वीरधवलचा आवाज ऐकायला जाते, असं कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याला तिथंच झाडलं असतं. पण सेनापतीच्या आवाजात बोलता बोलता तो तिच्याकडे बघायचा, नजरेला नजर भिडली की पुढचं वाक्यच विसरायचा... आणि हे तिला फार म्हणजे फार आवडायचं.

रणू लढून लढून तयार झाली, तशी प्रेस्टिज क्लासची गोष्ट निघाली. म्हणजे मुरलेल्या पात्राला मिळणारा खास हुद्दा. तो नुसत्या अनुभवावर मिळत नाही, त्याच्या अटी असतात. अंजनाला व्हायचं होतं दुर्गरक्षक.

"अट अवघड आहे," वीरधवल म्हणाला. "सगळे माघारी फिरले असताना गडाचा दरवाजा एकट्यानं धरायचा."

"बास, एवढंच?"

"एवढंच कुणाला जमलेलं नाही अजून." तो जरा घुटमळला. "तुम्हाला थोडी सूट देऊ का?"

"देऊन तर बघा – उठून जाईन."

त्या रविवारी शत्रू गडाला भिडला. मधूचं पात्र पळालं, गुंडाचं त्याच्याही आधी पळालं. वीरधवलनं राजाचा आवाज काढला, "रणू, मागं फिर. हा हुकूम आहे!"

"हुकूम ऐकला, महाराज. पण मी हलणार नाही."

"मरशील."

"बघू."

तिनं फासा टाकला. पडले दोन.

"गेली!" गुंडा ओरडला. वीरधवलचा चेहरा उतरला. "परत टाका," तो घाईनं म्हणाला. "टेबल हललं होतं."

"टेबल हललं नव्हतं." अंजनाचे डोळे चमकत होते. "आणि अटीत जिंकायचं कुठं म्हटलंय? धरायचं म्हटलंय. रणू पडली, पण दरवाज्यातच पडली ना?"

मग वीरधवल स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाला, "जखमी आहे, पण जिवंत आहे. अट पुरी झाली. रणू दुर्गरक्षक झाली."

खाली आले तर अवकाळी पाऊस लागलेला. मधू आणि गुंडा भिजत निघून गेले. झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली दोघंच उरली.

"अंजना, मला तुम्ही आवडता," तो पावसाकडे बघत म्हणाला. "त्या दिवशीही आवडला होतात."

"मग शेंगदाणे का वेचत होता?"

"वडील गेल्यावर काकांनीच सांभाळलं मला. त्यांच्यापुढं तोंडच उघडत नाही माझं. उघडलं आणि ते कायमचे तुटले तर..."

तिला त्याची दया आली आणि रागही आला. पण लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

"मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. त्यानं चमकून वर पाहिलं. "थांबा, हुरळू नका! नुसतं आवडून हुद्दा मिळत नाही. माझीही अट आहे. तुमच्या काकांसमोर, माझ्या आबांसमोर बोलायचं. एकट्यानं. मी मदत करणार नाही."

"आणि हरलो तर?"

"अटीत जिंकायचं कुठं म्हटलंय?" असं म्हणून ती भर पावसात स्कूटर काढून गेली.

पौषात वीरधवल काकांना यमाईच्या दर्शनाला म्हणून औंधला घेऊन आला आणि देवळातून थेट अंजनाच्या घरी. तिचे वडील हंबीरराव आबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, त्यांनी चहा पुढं केला. पोरीला उपरती झाली असणार, या समजात लालासाहेब मिशीत हसले.

"आवं सुभेदार, पोरीचा इचार बदलला म्हणायचा!"

"काका, थांबा." वीरधवल उभा राहिला. त्याच्या कपातला चहा बशीत सांडला. "तिचा नाही, माझा बदललाय. तिचा नकार बरोबरच होता. ती काम सोडणार नाही. सोड असं मी म्हणणार नाही आणि तुम्हालाही म्हणू देणार नाही. मला लग्न हिच्याशीच करायचंय... ती हो म्हणाली तर."

रानातून नुकतीच आलेली अंजना चिखलाच्या बुटांनिशी दारात उभी होती. मधे बोलायचं नाही म्हणून तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते.

"माझ्या तोंडावर बोलतूस?" काका गरजले.

"होय काका. पहिल्यांदाच बोलतोय. पण शब्द मागं घेणार नाही."

लालासाहेब ताडकन उठले, बाहेर जाऊन गाडीत बसले आणि हॉर्न दाबला.

"बोलवाय लागल्यात," हंबीरराव म्हणाले.

"ऐकू आलं," वीरधवल म्हणाला आणि होता तिथंच खाली बसला. डोळ्यांत पाणी होतं, पण बसला.

हंबीररावांनी त्याला नीट निरखलं. "असली पोरं आमी सरहद्दीच्या चौकीवर ठेवायचो," ते म्हणाले.

हॉर्न पुन्हा वाजला. अंजनानं एक कप भरला आणि गाडीपाशी गेली.

"काका, चहा घ्या. तो एवढ्यात यायचा नाही."

"आन तू रानं तुडवायची सोडणार न्हाईस?"

"न्हाई."

त्यांनी तिच्या बुटांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग कप घेतला आणि एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "साखर कमी हाय."

ती घरात आली. वीरधवल धडपडत उठला. "काय म्हणाले?"

"साखर मागितलीय. तू बस." आजवर तिनं त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. साखरेचा डबा घेऊन ती निघाली आणि उंबऱ्यात थांबून, आबांच्या देखत, मागं वळली.

"तुझी अट पुरी झाली, वीरधवल. माझं हो आहे."