ज्वालाशामक राळ

देवगडच्या समुद्रात सकाळी दहा वाजता डॉ. इरावती भिसे यांनी फायबरच्या ट्रॉलरच्या इंजिनखोलीत स्वतःच्या हाताने आग लावली आणि झाकण बंद केलं. सात सेकंदांत धूर थांबला.

“विझली! बाई, विझली!” बोटीचे तांडेल भालचंद्र कुबल लहान मुलासारखे नाचू लागले. इरावतीला रडू आलं. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका बोटीवर तिचा सख्खा भाऊ जळून गेला होता. तेव्हापासून तिने आगीशी उभा दावा मांडला होता.

बोटींची सुरक्षा तपासणारे सर्वेक्षक सुहास वाकणकर मात्र सहजासहजी हुरळणारे नव्हते. “खोलीच्या भिंतींना लावलेली राळ जळली कशी नाही?”

“ज्योत म्हणजे साखळी, सर. एक कण दुसऱ्याला पेटवतो. माझी ज्वालाशामक राळ तापली की फॉस्फरसची वाफ सोडते आणि ती ही साखळी तोडते. वर कोळशाचा फुगीर थर येतो, त्यामुळे आतलं इपॉक्सी शाबूत राहतं.”

“मग इंजिन का थांबलं?”

तिघांनीही कान टवकारले. खरंच, धडधड ऐकू येत नव्हती. इंजिन चालू ठेवूनच चाचणी घ्यायची, हा वाकणकरांचा हट्ट होता. प्रयोगशाळेत इरावतीने ही राळ शेकडो वेळा पेटवून पाहिली, पण ती लोखंडी पेटीत. पेटीत इंजिन कुठलं असणार?

“इंजिनाच्या पोटात तरी काय असतं? आगच,” ती हळूच म्हणाली. “त्याने खोलीतली वाफभरली हवा ओढली. वाफेला चांगली आग, वाईट आग कळत नाही.”

भरतीची ओढ बोटीला खडकांकडे नेत होती. “पाच मिनटांत खडपार आपटतलो,” कुबल म्हणाले.

“झाकण उघडा, वाफ जाऊ दे!”

“वेड लागलंय का? हवा मिळाली की आग पुन्हा भडकेल!” वाकणकर ओरडले.

“नाही भडकणार. माझी राळ आहे ती!” तिने स्वतःच झाकण ओढलं. आत सगळं काळं होतं, पण ठिणगीही नव्हती. कुबलांनी चावी फिरवली. इंजिन नुसतं खोकलं.

“ब्याटरीत आता एकच फेरो उरलो. हवा साफ झाली ह्या कळतला कसा?”

इरावतीने कुबलांच्या खिशातली काडेपेटी ओढून घेतली. विषारी हवेच्या विहिरीत माणूस उतरवण्याआधी दिवा सोडतात, तशी पेटती काडी तिने आत धरली. विझली. दुसरीही विझली. खडकांवर फुटणाऱ्या लाटांचे तुषार आता डेकवर येत होते.

तिसरी काडी फडफडली, निळी पडली.

“पेट गं बाई, पेट!” इरावती जिवाच्या आकांताने ओरडली. ज्योत सरळ झाली. तिने दुसऱ्या हाताचा आडोसा केला. बोटं भाजू लागली, तरी तिने काडी सोडली नाही.

“मारा चावी!”

इंजिन धडधडलं.