कुरडूची ज्वारी

रोप नवं ठरलं, तर डॉ. निशिकांत वर्तकांचं आडनाव वनस्पतिशास्त्रात कायमचं राहणार होतं: सॉर्घम वर्तकी, तुरे फुलणारी ज्वारी. जुनंच ठरलं, तर हाती काही नाहीच. उलट बारा वर्षं त्यांनीच तपासून पास केलेली यंत्रं चुकली, हे कबूल करावं लागणार होतं.

तालुक्यात खुरपणाऱ्या बायका उरल्या नव्हत्या. प्रत्येक पानावरून उजेड जरा वेगळा परततो. त्या परतलेल्या उजेडाला ‘पानठसा’ म्हणत आणि खुरपणीची यंत्रं तेवढाच बघत. ठसा पिकाचा असला तर रोप राही, नाहीतर उपटलं जाई. पीक कोणतं? तर शेतात ज्याचे ठसे जास्त, ते. हे दर हंगामाला नव्यानं ठरे.

त्या दिवशी सकाळी यंत्रानं गोदाक्का लवटेंच्या वाफ्यातली ज्वारीच तण म्हणून उपटायला घेतली. सासूनं जपलेलं बियाणं, दुसरीकडे कुठं उरलेलं नाही. अर्धा वाफा गेला, तेव्हा अक्का यंत्रापुढं बसकण मारून बसल्या. यंत्र माणसाला उपटत नाही, एवढी मेहरबानी. ते थांबवायला वर्तकांची सही लागे.

वर्तक आले, आणि यंत्रानं राखलेले गुलाबी-पांढरे तुरे बघून बांधावरच हरखले.

“डाक्तर, कुरडू हाय ती, रानातलं तण,” अक्का म्हणाल्या. “शेंबडं पोर बी सांगंल.”

वर्तकांनी पानठसा दाखवला: ज्वारी. मग अक्कांनी खोदून विचारल्यावर उरलेलंही त्यांच्या तोंडून निघालं. यंत्रं कुरडू उपटत गेली; ज्या थोड्या रोपांचा उजेड योगायोगानं ज्वारीसारखा होता ती वाचली, बी त्यांचंच पडलं. बारा वर्षांत यंत्रांनीच निवडून निवडून कुरडूला ज्वारीचं सोंग चढवलं. आता शेतात तीच जास्त, म्हणून पिकाचा ठसा तिचा; अक्कांच्या जुन्या ज्वारीचा त्याहून जरा वेगळा, म्हणून ती तण.

“म्हंजी ठावं हाय तुमाला,” अक्का म्हणाल्या.

त्यांनी फडकं सोडलं. भाकरी, वर कुरडूची भाजी. “खावा. दोनी ज्वारीच असंल, तर ह्यात भाकरी कंची न् भाजी कंची, तेवढं कागदावर लिवा.”

वर्तकांनी खाल्लं. मीठ बेताचं पडलंय, म्हणाले. हात धुऊन लिहिलं: ‘नवी ज्वारी. वाफ्यातलं तण उपटण्यास हरकत नाही.’ त्यांच्याबरोबर आलेल्या दोघा शिपायांनी अक्कांना उचलून बाजूला बसवलं.

वर्तकांना नाव मिळालं, यंत्रांना निर्दोष असल्याचा दाखला, कुरडूला पिकाचा मान. किंमत अक्कांच्या वाफ्यानं मोजली, असं वाटलं होतं. पण कापणीची यंत्रंही पानठसाच बघतात. हल्ली दुकानात येणाऱ्या पिशवीवर ‘ज्वारी’ छापलेलं असतं, आत कुरडूच्या बियांचं काळपट पीठ. त्याची भाकरी थापली जात नाही. वर्तकांच्या घरीही तीच पिशवी येते.