मान देणारी वेबसाइट

लोसाआजीचा फोन आला तेव्हा फौजदार फुआतिनो नाश्त्याला बसली होती.

"पोरी, चटई गेली गं! परवा म्हाताऱ्याला पुरायचंय. आता त्याला काय पांघरू?"

फुआतिनोचा घास हातातच राहिला. केवड्याच्या पातीची, रेशमासारखी मऊ चटई. आजीच्या आईने सात वर्षं बसून विणलेली, माणसासारखं स्वतःचं नाव असलेली. आजीचा नवरा मुखिया, आणि सामोआत मुखियाला अशा चटईशिवाय पुरलं की घराण्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

ती वाइतोलू गावात पोचली तेव्हा कळलं, एक नव्हे, अकरा चटया गेल्या होत्या.

"दिल्या कुणाला?" तिने आजीला विचारलं.

"वेबसाइटवाल्यांना. जुन्या चटया फुकटात साफ करून देतो म्हणाले. मंगळवारी गाडी आली. ड्रायव्हर परका होता, पण तीच चटई, तिचं नाव घेऊन मागितली हो त्याने! मी दुसरी काढली तर ती नको म्हणाला."

"आणि तू दिलीस? ना पत्ता, ना फोन नंबर?"

आजी खवळली. "अगं, त्यांनी आधी साइटवर अख्ख्या गावाला मान दिला! एकेक मुखिया, बिरुदासकट, बसायच्या क्रमाने. नवा मुखिया झालेल्या फेलेतीची जागा तर आम्हालाही ठाऊक नव्हती, त्यांना होती. एवढं करणाऱ्याला पत्ता विचारायचा? काही रीतभात आहे की नाही?"

फुआतिनोने फोनवर ती साइट उघडली. खरंच, मानाच्या यादीत एक चूक नव्हती. फेलेती चौथा. तिला किळस आली. बँकेच्या साइटला ही माणसं हात लावत नाहीत, आणि कुणा हरामखोराने चार बिरुदं लिहिली की आईची चटई काढून देतात!

ती पाद्रीबुवांकडे गेली.

"फेलेतीला चौथी जागा कधी ठरली?"

"सोमवारी. लोसाच्या नवऱ्याच्या खाटेशी बैठक झाली, त्याला हातही उचलवत नव्हता बिचाऱ्याला. तो, मी आणि वक्ता पेनिआमिना. रविवारी जाहीर करायचं होतं, पण बुधवारी तो गेलाच."

"तुमची चटई गेली?"

"मी आलो मागच्या वर्षी. कुणाकडे कुठली जुनी चटई आहे, मला काय कळणार?"

फुआतिनो आजीला घेऊन पेनिआमिनाकडे गेली. गावाच्या वतीने बोलायचा मान याच्या घराण्याचा. डुकराच्या मांसावर ताव मारत बसला होता, तेल हनुवटीवरून ओघळत होतं.

"काका, गावातल्या चटयांची नावं कुणाला पाठ आहेत?"

"मला! प्रत्येक पुरण्याच्या वेळी हाक देऊन कोण सांगतं? मीच की!"

"मग झालं तर. फेलेतीची जागा तिघांनाच ठाऊक होती. त्यांतला एक मरणाच्या दारात, फोनही धरता येईना. पाद्रीबुवांना चटया ठाऊक नाहीत. जागाही ठाऊक आणि चटयाही, असे तुम्ही एकटेच. मागची ती कडी लावलेली शेड उघडा."

शेडची कडी फुआतिनोनेच काढली.

आत डुकरांची घाण आणि त्या घाणीत चटया. अख्खी एकही नव्हती. कात्रीने कापून तळहाताएवढे तुकडे केलेले, पर्यटकांना विकायला काही काचेच्या चौकटीत बसवलेले.

"मी कुणावर जबरदस्ती केली नाही," पेनिआमिना हनुवटी पुसत म्हणाला. "मी मान दिला, त्यांनी चटया दिल्या."

"थू तुझ्या तोंडावर!" फुआतिनोने बेडी काढली.

तसा तो धाडकन गुडघ्यांवर आला. "लोसाताई, चटई पांघरून तुमच्या दारात बसतो! माफी होईपर्यंत उठणार नाही!"

सामोआत माफी मागायची ही शेवटची रीत. डोक्यावर चटई घेऊन दारात वाकलेल्याला सहसा कुणी हाकलत नाही.

लोसाआजीने खाली वाकून आपल्या चटईचा एक तुकडा उचलला, घाण झटकली आणि त्याच्या टकलावर ठेवला.

"बस. एवढ्यात मावतोस का बघ."

तो मान खाली घालून तसाच राहिला. आजी उरलेले तुकडे ओच्यात वेचू लागली. शेवटी तिने त्याच्या डोक्यावरचाही उचलला. म्हाताऱ्याला पांघरायला तेवढा कमी पडला असता.